विसाव्याचा इतिहास



धकाधकीच्या काळात मन शांत कसे ठेवावे, यावर आपल्याकडे उपदेश पुष्कळ होतो. कोणी प्राणायाम सांगतो, कोणी पहाटे लवकर उठावयास सांगतो. उपदेश वाईट नसतो. परंतु ज्याची पहाट कारखान्याच्या भोंग्याकडे गहाण पडली आहे, त्याने ती कोठून आणावी? आम्ही शाळा फारशी पाहिली नाही. जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, जुने अहवाल चाळीत शिकलो. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर आम्ही इतिहासातच शोधणार आहोत.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते साल १८७५. त्याच साली मुंबईत गिरण्यांतील कामाची चौकशी करण्यासाठी सरकारने पहिले मंडळ नेमले. पुण्यात संध्याकाळी व्याख्यान ऐकणारा वर्ग तयार होत होता. घाट उतरून मुंबईत यावे, तो हजारो माणसांना संध्याकाळच नव्हती. गिरणी सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. उन्हाळ्यात दिवस वाढला की कामही वाढे. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. सणावाराची जी मिळे, तिच्यातलाही काही वेळ यंत्रे पुसण्यात जाई.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्याने ७ ते १२ वर्षांच्या मुलांचे काम ९ तासांवर आणले आणि त्यांना महिन्याला चार सुट्या दिल्या. मोठ्या माणसांच्या तासांविषयी कायदा गप्प होता. तो जणू असे धरून चालला होता की, बारा वर्षे पुरी झाली की माणसाला विसावा लागत नाही!

ही मुकी बाजू बोलती केली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, आणि १८८० पासून 'दीनबंधू' पत्राचे संपादक. गिरणीत नोकरी केल्यामुळे तेथले जिणे त्यांना ऐकीव नव्हते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या पाहा. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा. कामावर जखमी झालेल्याला पगार चालू राहावा. यांत पगारवाढ कोठेच नाही! मागणी मुख्यतः वेळेची आहे. पोट अर्धे असतानाही त्या माणसांनी आधी विसावा मागितला, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

अर्ज पडून राहिले, पण माणसे हटली नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. गिरणीतून सुटल्यावर घरी दुसरी पाळी कोणाची असते, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. रविवार हा बहुजनांच्या खंडोबाचाही वार. त्यामुळे ही सुटी परकी वाटली नाही.

पण मिळालेला वेळ आपोआप टिकत नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची जुनी मर्यादाही गेली. काम चौदा तासांपर्यंत लांबले. मग पुन्हा झगडा. १९११ साली कापडगिरण्यांत पुरुषांना १२ तास, १९२२ साली ११ तास व आठवड्याला ६० तास, आणि १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तास. महालक्ष्मीच्या सभेपासून येथवर यावयास ५८ वर्षे लागली.

१९८२ च्या संपानंतर त्या गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या कचेऱ्यांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. भोंगा आता खिशात वाजतो.

येथे आमचाही दोष कबूल केला पाहिजे. आम्ही तीस वर्षे लोकांसाठी सुटी मागितली आणि स्वतःचे रविवार बैठकांत घालविले. एकदा एक बदली कामगार आम्हांला म्हणाला, "भाऊ, तुमच्या घरी कधीही आलो तरी वहिनीच भेटतात. तुमची सुटी कोण मंजूर करणार?" आम्ही हसलो, पण ते वाक्य मनातून गेले नाही. सुटी मिळविणे ही संघटनेची गोष्ट आहे. ती घेणे ही ज्याची त्याची. पहिलीवाचून दुसरी होत नाही, आणि दुसरी केली नाही तर पहिली फुकट जाते. हल्ली रविवारी दुपारपर्यंत आम्ही फोन फडताळात ठेवतो. चळवळ अजून बुडालेली नाही.

लोखंडे १८९७ च्या प्लेगात, रोग्यांच्या मदतीला धावत असताना वारले. त्यांना आयुष्य पन्नास वर्षांचेही लाभले नाही. त्यांनी मिळवून दिलेला रविवार आपल्या हाती आहे. मनःशांतीचा उपदेश करणाऱ्यांनी आधी समोरच्याला विचारावे, "बाबा, तुला वेळ किती मिळतो?" आणि उत्तर ऐकून त्याच्या बाजूने उभे राहावे. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.