डोडोचे झाड

कथा सुबक असली की ती खरी वाटू लागते. मॉरिशस बेटावरील तांबालाकोक वृक्षाच्या बाबतीत असेच घडले.

हा वृक्ष आपल्या चिकूच्या व मोहाच्या कुळातला. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘मोठ्या फुलांचा’ असा आहे. बेटावरील दमट अरण्याखेरीज तो अन्यत्र कोठेही रानात उगवत नाही. त्याच्या फळातली कोय दगडासारखी टणक असते.

१५९८ मध्ये डच खलाशी या बेटावर उतरले. तेथील डोडो पक्ष्याला उडता येत नव्हते. १६६२ नंतर तो दिसल्याची विश्वसनीय नोंद नाही. १९७७ मध्ये स्टॅन्ली टेंपल या अमेरिकन शास्त्रज्ञाने लिहिले की, तांबालाकोकचे अवघे तेरा वृक्ष उरले असून ते सारे तीनशे वर्षांहून जुने आहेत. डोडोच्या पोटात घासून निघाल्यावाचून कोय रुजत नाही. त्याने टर्की पक्ष्यांना सतरा कोया खाऊ घातल्या. दहा अभंग निघाल्या, तीन रुजल्या. जग या कथेवर लुब्ध झाले आणि वृक्षाला ‘डोडोचे झाड’ हे नाव पडले.

परंतु न खाऊ घातलेल्या कोया पेरून त्याने तुलना केलीच नव्हती. १९७९ मध्ये मॉरिशसच्या वनखात्यातील ओवादाली यांनी उत्तर दिले: तरुण झाडेही आहेत आणि टर्कीवाचूनही कोया रुजतात.

मग वृक्ष दुर्मिळ का झाला? माणसाने आणलेली माकडे फळे कच्चीच तोडतात. रानडुकरे व हरणे रोपे तुडवितात. परदेशी पेरूची दाट झुडपे उजेड अडवितात. सखल भागातील अरण्य तर उसासाठी तोडले गेले. त्या उसाच्या मळ्यांत १८३४ पासून हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी जपतात.

डोडोवर भार टाकणे सोयीचे होते. मेलेला पक्षी परत आणता येत नाही, म्हणून जिवंतांवर कर्तव्यच उरत नाही. खरा इतिहास कमी सुबक आहे, परंतु अधिक आशादायक आहे. कुंपण घालता येते, झुडपे उपटता येतात, रोपे लावता येतात. वृक्षाला हवा आहे तो डोडो नव्हे. त्याला हवी आहे आपली निगराणी.