परक्या अंगणातील भाषा

भाषा परदेशी नेणाऱ्या संस्थांचा इतिहास हा विश्वास संपादन करण्याचा इतिहास आहे. १८८३ मध्ये पॅरिस येथे आलियाँस फ्रान्सेझ स्थापन झाली, १९३४ मध्ये ब्रिटिश कौन्सिल. जर्मनीपुढील आव्हान अधिक बिकट होते. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी राजवटीचा कलंक जर्मन भाषेलाही चिकटला होता. १९५१ मध्ये उभ्या राहिलेल्या ग्योथे इन्स्टिट्यूटने प्रारंभी परदेशी जर्मन-शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम हाती घेतले. भारतात या संस्थेने आपल्या भवनांना मॅक्स म्युलर यांचे नाव दिले. ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ती संपादित करणारे हे पंडित भारतात कधीच आले नव्हते. तरीही यजमानांच्या विद्येचा आदर त्या नावातून प्रकट झाला. पुण्या-मुंबईच्या भवनांत मराठी विद्यार्थ्यांच्या पिढ्या जर्मन शिकल्या.

चीनच्या कन्फ्यूशियस संस्था २००४ पासून झपाट्याने पसरल्या. परंतु अध्यापनावर शासनाचा वरचष्मा असल्याची शंका बळावली. शिकागो विद्यापीठाने २०१४ मध्ये करार पुढे चालवला नाही. २०२० पर्यंत स्वीडनमधील सर्व संस्था बंद झाल्या.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेलाही हा धडा परका नाही. शेजाऱ्याच्या भाषेचा मान राखला, तरच त्याच्या अंगणात आपली भाषा रुजते.