वंगण जाळणारा उतार

सायकल ही सपाट सडकेची सोबतीण, असा पुष्कळ वर्षें समज होता. तिला डोंगराच्या दगडधोंड्यांत नेणें म्हणजे चाक तरी मोडून घेणें नाहीं तर हातपाय तरी, असें वडीलधारीं माणसें म्हणत. आणि त्यांचें म्हणणें अगदींच खोटें होतें असेंहि नाहीं. परंतु जपून ठेवावयाची वस्तु तरुणांच्या हातीं पडली म्हणजेच तिची खरी परीक्षा होते. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत मूठभर तरुणांनीं ही परीक्षा घेतली, आणि तींतून डोंगरी सायकलींच्या शर्यतीचा खेळ जन्मास आला. आरंभीं ज्याला उनाडपणा म्हणून नाकें मुरडलीं गेलीं, तोच खेळ पुढें शाळेच्या आश्रयास आला. हें स्थित्यंतर कसें घडलें, तें पाहण्यासारखें आहे.

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस गोल्डन गेटचा पूल ओलांडला कीं मरीन परगणा लागतो. तेथें टॅमल्पाइस नांवाचा २,५७१ फूट उंचीचा डोंगर आहे. वणवे विझविणाऱ्या गाड्यांकरितां त्या मुलखांत मातीचे रस्ते काढलेले आहेत. १९७० च्या आगेमागें लार्कस्पर गांवचीं कांहीं मुलें जुनाट सायकली घेऊन या डोंगराच्या वाटांनीं खालीं येऊं लागलीं. श्विन कंपनीनें १९३३ सालीं जाड, फुगीर टायरांच्या ज्या दणकट सायकली बाजारांत आणिल्या, त्या जातीच्या या सायकली. त्या वजनानें जड, आणि त्यांना गिअर नसत. तरी मोडीच्या भावांत मिळत व दगडावर आपटल्या तरी टिकत, हाच त्यांचा मोठा गुण.

याच परगण्यांत गॅरी फिशर, जो ब्रीझ आणि चार्ली केली हे सायकलवेडे तरुण राहत असत. फिशर बाराव्या वर्षापासून सडकेवरील शर्यतींत उतरत आलेला. परंतु १९६८ सालीं केंस नियमाबाहेर लांब आहेत या कारणास्तव त्याला शर्यतींतून दूर करण्यांत आलें. पायांत बळ आहे, मनांत हौस आहे, आणि दार मात्र केंसांपायीं बंद! पुढें तो नियम गेला व फिशर परतहि आला. पण नियमांच्या चौकटीबाहेर मोकळी जागा असते, ही गोष्ट अशा तरुणांना डोंगरानेंच शिकविली.

फेअरफॅक्स गांवाजवळ पाइन मौंटनचा मातीचा रस्ता आहे. सुमारें दोन मैलांत तो जवळ जवळ १,३०० फूट खालीं उतरतो. आपल्यांत सर्वांत वेगवान कोण, हा वाद मिटविण्याकरितां २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं या उतारावर पहिली शर्यत झाली. सर्वांना एकदम न सोडतां ठराविक अंतरानें एकेकास सोडीत. वर एक घड्याळ व खालीं एक, दोन्हीं वेळ जुळवून ठेविलेलीं. अंगांत जाड विजार, हातांत कामकऱ्याचे मोजे. डोक्यावर शिरस्त्राण बहुधा नसेच. पहिला मान ॲलन बाँड्स यास मिळाला, आणि त्याचें कारण मोठें मार्मिक आहे : तो पडला नाहीं!

या शर्यतीला ‘रीपॅक’ असें नांव पडलें. या सायकलींचा ब्रेक मागल्या चाकाच्या हबमध्यें असे व पायडल उलट दाबलें म्हणजे तो लागे. एवढ्या उतारावर सतत ब्रेक दाबल्यानें हब इतका तापे कीं आंतील वंगण जळून त्याचा धूर होई. एका फेरीनंतर हब उघडून त्यांत वंगण पुन्हां भरावें लागे. त्या भरण्यावरूनच हें नांव. पुढें फिशरनें हा उतार ४ मिनिटें २२ सेकंदांत उतरून उच्चांक केला. ब्रीझ त्याच्या मागें अवघे दोन सेकंद होता.

जें मोडतें तें सुधारावेसें वाटतें. १९७४ च्या डिसेंबरांत कूपर्टिनोचे कांहीं तरुण मिल व्हॅलीच्या शर्यतीस आले, तेव्हां जाड टायरांच्या सायकलींस त्यांनीं गिअर जोडलेले दिसले. मरीनकरांनीं हा धडा घेतला, आणि उतरणाऱ्या सायकली चढूंहि लागल्या. १९७७ सालीं ब्रीझनें खास डोंगराकरितां नवा सांगाडा घडविला. ती सायकल आतां अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयाच्या संग्रहीं आहे. १९९० सालीं कोलोराडोंतील ड्युरँगो येथें पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा भरली, व १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकांत या खेळास स्थान मिळालें.

कीर्तीबरोबर तक्रारीहि आल्या. पायीं फिरणाऱ्यांस व घोडेस्वारांस वेगाची धास्ती वाटूं लागली. ज्या टॅमल्पाइसवर हा खेळ वाढला, तेथील अरुंद पायवाटा सायकलींस मना झाल्या, आणि रुंद रस्त्यांवर ताशीं १५ मैलांची व आंधळ्या वळणावर ५ मैलांची मर्यादा आली. तरुणांची हौस आणि इतरांची सुरक्षितता यांचा मेळ कोणी घालावयाचा, हा प्रश्न उरला.

त्याचें एक उत्तर शाळेंतून आलें. बर्कले येथील गणिताचे शिक्षक मॅट फ्रिट्झिंगर यांनीं १९९८ सालीं आपल्या विद्यार्थ्यांचा सायकलसंघ काढला. २००१ सालीं उत्तर कॅलिफोर्नियांतील शाळांच्या शर्यती सुरू झाल्या, व २००९ सालीं या कार्याकरितां राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. या शर्यतींत शिरस्त्राण सक्तीचें. इयत्ता व तयारी पाहून गट पाडतात, आणि संघाच्या गुणांत मुलामुलींचा मिळून वाटा धरतात. डोंगरवाटांची निगा राखण्याचें कामहि विद्यार्थ्यांस शिकविलें जातें. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, राखीव खेळाडू म्हणून कोणास कडेला बसवीत नाहींत. संघांत आला तो शर्यतींत उतरला.

क्रिकेटच्या अकरांत न बसणारा मुलगा प्रत्येक शाळेंत असतो. सामन्याच्या दिवशीं तो इतरांचे कोट सांभाळीत मैदानाच्या कडेला उभा राहतो, आणि आपण कोणत्याच खेळाचे नव्हे अशी समजूत करून घेतो. डोंगरवाटेवर अशा मुलासहि आपली फेरी स्वतःच पुरी करावी लागते. चढावर दम तुटला तर सायकल हातांत धरून चालावें, माती झाडावी, पुन्हां बसावें. त्याचा क्रमांक शेवटून पहिला आला तरी त्याची वेळ लिहिली जाते, आणि पुढल्या खेपेस ती कमी करावी अशी ईर्षा त्याच्या मनांत उपजते. केंसांच्या लांबीवरून एका होतकरू तरुणास दूर लोटणाऱ्या नियमांपेक्षां हा नियम अधिक शहाणपणाचा आहे, हें सांगावयास पाइन मौंटनच्या उतारावर जळलेलें वंगणच साक्षी आहे.