साष्टीचे दोन रस्ते आणि ओझ्याची सायकल

भूगोलाच्या तासाला नकाशा टांगून ‘हा चढ, हा उतार’ असे मुलांस सांगणे सोपे असते. परंतु ज्याने मागच्या कॅरिअरवर वीस-पंचवीस किलोंचे ओझे बांधून सायकल हाकली आहे, त्याचे पायच त्याला चढउतार शिकवितात. मुंबईच्या उपनगरांचा इतिहास आज आपण अशाच ओझ्याच्या सायकलीवरून पाहू.

साष्टी बेटाच्या मध्यभागी कान्हेरीची डोंगररांग उभी आहे. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटरांचेच अंतर. पण मध्ये डोंगर व अरण्य असल्यामुळे जुन्या काळी वाटसरूला वळसा घ्यावाच लागे. म्हणून रस्ते झाले ते डोंगराच्या दोन्ही पायथ्यांनी. पश्चिमेकडे वांद्रे, अंधेरी, बोरिवली करीत जाणारा घोडबंदर रस्ता, आणि पूर्वेकडे कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड करीत ठाण्यास पोचणारा आग्रा रोड. आज त्यांना अनुक्रमे स्वामी विवेकानंद आणि लालबहादूर शास्त्री यांची नावे आहेत. माझ्या पिढीच्या तोंडी मात्र जुनीच नावे राहिली. मुंबई बेटातून या रस्त्यांवर येण्याची दारेही दोनच होती. शीवचा बांध गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला. माहीमचा १८४५ साली, लेडी जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या द्रव्यातून. हे रस्ते बैलगाडीच्या काळातले. भरल्या गाडीचा बैल जेथे अडेल, तेथून रस्ता नेण्यात कोणाचाच लाभ नव्हता. पुढे सायकल आली, तेव्हा तिला हे सपाट रस्ते आयतेच मिळाले.

१९२३ साली मुंबईहून जमिनीने उत्तरेस जाऊ म्हणणाऱ्याला या दोहोंखेरीज तिसरा राजरस्ता नव्हता. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला सहा पारशी तरुण सायकलींवर सामान बांधून मुंबईतून निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भुमगारा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया हे ते सहा जण. सारे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद. त्यांना सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची होती! पंजाब, बलुचिस्तान, इराण असा मार्ग धरून ते बगदादेस पोचले. तेथून अलेप्पोपर्यंतचे मेसोपोटेमियाचे वाळवंट त्यांनी तेवीस दिवसांत ओलांडले. वाळूत चाक रुतले की सायकल माणसाला नेत नाही, माणूस सायकलीला नेतो. आणि तिच्यावरचे सामानही. पाणी घ्यावे तर वजन वाढते, न घ्यावे तर जीव जातो, हा हिशेब त्या तरुणांना रोज मांडावा लागला असेल. पुढे युरोप, इंग्लंड, अमेरिका, जपान, कोरिया, चीन. सहांपैकी तिघे वाटेत गळाले. हाथीराम यांनी तर अमेरिकेतच घर केले. उरलेले हकीम, बापासोला व भुमगारा १८ मार्च १९२८ रोजी, सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून मुंबईस परतले. त्यांच्या प्रवासाचे इंग्रजी पुस्तक १९३१ साली निघाले, आणि त्याला प्रस्तावना आहे जवाहरलाल नेहरूंची.

हे तिघेच नव्हेत. १९२४ साली फ्रामरोझ दावर हे एकटेच निघाले, व्हिएन्नात त्यांना एक ऑस्ट्रियन सोबती मिळाला, आणि सहारा व अँडीज ओलांडून ते १९३१ मध्ये परत आले. १९३३ ते १९४२ या काळात केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ यांची तिसरी फेरी झाली. मार्को पोलो आणि ह्युएनत्संग मी वर्षानुवर्षे शिकविले; या मुंबईकरांचा धडा मात्र माझ्या नोकरीत कधी कोणत्या पाठ्यपुस्तकात आला नाही. याचे मला वैषम्य वाटते.

परंतु ओझ्याची सायकल म्हणजे केवळ पृथ्वीप्रदक्षिणेची सायकल नव्हे. पहाटे पाच वाजता उपनगरातल्या कोणत्याही गल्लीत उभे राहा. पाववाला मागे भलेमोठे गाठोडे बांधून येतो. त्याच्यामागून दोन्ही बाजूंना कॅन लटकावलेला दूधवाला. १८९० साली महादू बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायात घरोघरचे डबे गोळा करून स्टेशनावर आणण्याचे काम आजही पुष्कळसे सायकलीच करतात. जगप्रवासी साडेचार वर्षे ओझे घेऊन फिरले. यांचे ओझे रोजचे आहे, आणि त्यांच्या बाजूने जाणारी वाहने दरवर्षी वाढतच आहेत.

नगरीने या लोकांसाठी काय केले? वांद्रे-कुर्ला संकुलात सायकलमार्ग बांधला गेला, तो उभ्या मोटारींनी गिळला. पवई तलावाच्या काठाने मार्ग घालण्याचे काम निघाले, तेव्हा तलावाच्या व तेथील मगरींच्या काळजीने नागरिक न्यायालयात गेले, आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदेशीर ठरवून जागा पूर्ववत करण्याचा हुकूम दिला. माझ्या मते हा न्याय योग्यच झाला. तलावाकाठी सायकल चालविणे सुखाचे खरे. पण पाववाला तलावाकाठी पाव विकत नाही.

मुलुंडपासून शहराच्या दिशेने तानसाच्या जलवाहिनीच्या कडेने सायकलमार्ग नेण्याची महापालिकेची योजना मला त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटली. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईस येते. पाण्याच्या नळालाही बैलासारखाच सौम्य चढउतार मानवतो, तेव्हा त्याच्या कडेची वाट सायकलीस अवघड जाऊ नये. शिवाय तो नळ माणसांच्या वस्तीतून जातो. तथापि एक गोष्ट आखणाऱ्यांनी पाहावी. मुलुंडच्या पाववाल्याला शीवपर्यंत जायचेच नसते. त्याला बेकरीपासून गिऱ्हाइकांच्या दारापर्यंतचा मैलभर रस्ता लागतो, आणि तोही उजाडण्यापूर्वी.