हमी या शब्दाचा इतिहास : अमेरिकन फुटबॉलमधील नवोदितांचे करार

करारपत्र हा वाङ्मयप्रकार साहित्याच्या वर्गात वाचला जात नाही. परंतु एखाद्या शब्दाचा अर्थ कोण ठरवतो आणि त्या अर्थाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी एखादे करारपत्र बारकाईने वाचून पाहायला हरकत नाही. आपल्याकडे हमी म्हटले की रोजगार हमी किंवा हमीभाव आठवतो. दिलेला शब्द पाळण्यास बांधलेले कोणीतरी त्यामागे उभे आहे, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे शिरस्त्राण घालून लंबगोल चेंडूने खेळल्या जाणाऱ्या त्या अंगमोड्या खेळात, हे गृहीत चालत नाही. तेथे कराराचे दोन आकडे असतात. पहिला वर्तमानपत्राच्या मथळ्यात येतो. दुसरा त्याहून बहुधा लहान असतो आणि त्याला 'गॅरंटीड' म्हणतात. खेळाडूचे खरे उत्पन्न दुसऱ्या आकड्यात असते.

याचे कारण असे की, एनएफएलच्या प्रमाणित करारानुसार संघ खेळाडूला मुदतीपूर्वी मुक्त करू शकतो. पाच वर्षांचा करार दुसऱ्या वर्षी संपला, तर उरलेल्या तीन वर्षांचा पगार सहसा मिळत नाही. म्हणून हमी वेगळी मागून, वेगळी लिहून घ्यावी लागते. तीही एकसंध नसते. कौशल्य कमी पडले म्हणून काढले तरी पैसे द्यायचे, ही एक हमी. दुखापतीमुळे खेळता आले नाही तरी द्यायचे, ही दुसरी. वेतनमर्यादेचा हिशेब जमवण्यासाठी काढले तरी द्यायचे, ही तिसरी. तिन्ही एकत्र आल्या, तरच 'पूर्ण हमी'. पहिली आणि तिसरी वगळून केवळ दुसरी दिली, तरी बातमीत शब्द एकच छापला जातो.

या व्यवस्थेचे मूळ १९३६ मध्ये सापडते. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून त्या वर्षी पहिला 'ड्राफ्ट' झाला. महाविद्यालयातून बाहेर पडणारे खेळाडू संघांनी क्रमाने निवडायचे, आदल्या वर्षी शेवटी राहिलेल्या संघाने प्रथम निवडायचे आणि निवडलेल्या खेळाडूने त्याच संघाशी बोलणी करायची, अशी ही पद्धत. दुबळ्या संघांना बळ मिळावे हा हेतू खरा होता. परंतु त्याबरोबर नवोदिताच्या श्रमाला गिऱ्हाईकही एकच उरले. सर्वप्रथम निवडला गेलेला जे बरवँगर या लीगमध्ये कधी खेळलाच नाही. मनासारखा मोबदला मिळेना, तेव्हा त्याने दुसरा मार्ग धरला. नकार देणे एवढेच स्वातंत्र्य या पद्धतीत नवोदिताकडे होते.

गिऱ्हाइके दोन झाली की काय होते, हे १९६० नंतर दिसले. एएफएल ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली आणि जानेवारी १९६५ मध्ये तिच्यातील न्यूयॉर्क जेट्सने जो नेमथ या तरुणाशी ४,२७,००० डॉलरचा करार केला. त्याचा गुडघा आधीच दुखावलेला होता, तरीही. मालकांना ही चढाओढ परवडेना. जून १९६६ मध्ये दोन्ही लीगच्या विलीनीकरणाची घोषणा झाली आणि १९६७ पासून ड्राफ्ट सामाईक झाला. बाजार पुन्हा एका गिऱ्हाइकाचा झाला.

पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, वॉशिंग्टनच्या संघाने जेम्स 'यझू' स्मिथ याला पहिल्या फेरीत निवडले. त्याचा करार एका वर्षाचा आणि एकूण ५०,००० डॉलरचा होता : सही करताना २३,०००, हजर होऊन खेळल्याबद्दल ५,००० आणि पगार २२,०००. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात त्याच्या मानेला गंभीर दुखापत झाली आणि कारकीर्द तेथेच संपली. संघाने त्याला आणखी १९,८०० डॉलर दिले आणि हिशेब मिटवला. स्मिथ न्यायालयात गेला. त्याचा युक्तिवाद असा की, ड्राफ्टच नसता तर आपल्याला अनेक संघांशी बोलता आले असते आणि कितीतरी चांगला करार मिळाला असता. १९७६ मध्ये न्यायालयाने तो ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरवला; १९७८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने भरपाईची रक्कम रद्द केली, परंतु ड्राफ्टविषयीचा निष्कर्ष कायम ठेवला.

तोवर मात्र लढाईचे मैदानच बदलले होते. १९७७ मध्ये मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात सामूहिक करार झाला आणि त्यात संघटनेने ड्राफ्ट मान्य केला. अमेरिकन कायद्याप्रमाणे, मालकांनी परस्पर लादलेले बंधन बेकायदा ठरू शकते. तेच बंधन कामगार संघटनेशी झालेल्या करारात आले, तर त्याला संरक्षण मिळते. नवोदितांच्या पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली येथे आहे. संघटना सभासदांची असते आणि जो अजून महाविद्यालयात आहे तो सभासद नसतो. त्याच्या वतीने संमती देणारे हात दुसऱ्यांचे असतात.

१९९३ च्या करारानंतर अनुभवी खेळाडूंना काही वर्षांनी संघ बदलण्याची मुभा मिळाली. बदल्यात १९९४ पासून प्रत्येक संघावर ३ कोटी ४६ लाख डॉलरची वेतनमर्यादा आली. नवोदितांसाठीही निधीची मर्यादा होती, परंतु तिला पळवाटा निघाल्या. सही करताना दिलेला बोनस हिशेबात कराराच्या वर्षांवर विभागता येई. म्हणून मुदत लांबवायची, बोनस वाढवायचा, अटी गुंतागुंतीच्या करायच्या. बोनस हीच तेव्हाची सर्वांत भरवशाची हमी, कारण ती रक्कम आधी हातात पडे. ड्राफ्टच्या अग्रक्रमांवरील हमी वर्षागणिक वाढत गेली. २००७ मध्ये पहिला निवडलेल्या जमार्कस रसेलला तीन कोटी डॉलरहून अधिक हमी मिळाली. तीन मोसमांनंतर, मे २०१० मध्ये, ओकलंड रेडर्सने त्याला काढून टाकले. त्याच वर्षी सेंट लुईस रॅम्सने सॅम ब्रॅडफर्डशी सहा वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. त्यातील ५ कोटी हमीचे होते. तोवर त्याने लीगमध्ये एकही चेंडू फेकला नव्हता.

मालकांची तक्रार निराधार नव्हती. कमिशनर रॉजर गुडेल यांनी २००८ मध्येच या प्रकाराला जाहीरपणे हास्यास्पद म्हटले होते आणि अनेक अनुभवी खेळाडूंनाही तसेच वाटत होते. मार्च ते जुलै २०११ अशी टाळेबंदी झाली आणि तिच्या अखेरीस नवोदितांचे वेतनमान ठरवून टाकण्यात आले. निवडलेल्या प्रत्येकाचा करार चार वर्षांचा; पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षी ठेवण्याचा पर्याय संघाच्या हाती; तिसरा मोसम संपेपर्यंत फेरवाटाघाट नाही. २०११ मध्ये पहिला निवडलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख डॉलर मिळाले. वर्षभरात त्या स्थानाची हमी निम्म्याहून खाली आली. मात्र न्यूटनची सारी रक्कम हमीची होती. आकडा लहान झाला आणि शब्द पूर्ण झाला.

रक्कम जवळजवळ ठरलेली असल्यामुळे पुढचे वाद शब्दांवर आले. २०१६ मध्ये सॅन डिएगो चार्जर्सचा जोई बोसा महिनाभर सरावाला आला नाही. वाद बोनस केव्हा द्यायचा यावर होता. तसाच तो वजावटीच्या कलमावरही होता. संघाने काढल्यावर दुसऱ्या संघाने घेतले, तर त्या नव्या पगाराइतकी हमी पहिल्याने कापून घ्यायची की नाही? २०१८ मध्ये शिकागो बेअर्सचा रोक्वान स्मिथ असाच अडून बसला. शिरस्त्राणाने धडक दिल्याबद्दल निलंबन झाले, तर हमी रद्द व्हावी का, हा तेथील प्रश्न होता. हमी कोणत्या प्रसंगी हमी राहत नाही, हे ठरवणारी वाक्ये लिहिण्यासाठी दोन्ही बाजूंचे वकील आठवडे घालवत होते.

२०२२ च्या ड्राफ्टमधील दोन 'शेवटचे' खेळाडू शेजारी ठेवले म्हणजे ही व्यवस्था स्पष्ट दिसते. पहिल्या फेरीत शेवटचा, म्हणजे बत्तिसावा, लुईस सीन. त्याचा सुमारे १ कोटी १५ लाख डॉलरचा करार पूर्ण हमीचा होता. त्याच ऑक्टोबरात लंडनमधील सामन्यात त्याचा पाय मोडला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मिनेसोटाने त्याला मुक्त केले. अशा वेळी आधार व्हावा म्हणूनच हमी लिहिलेली असते. संपूर्ण ड्राफ्टमध्ये शेवटचा, म्हणजे २६२ वा, ब्रॉक पर्डी. त्याची हमी सही करतानाच्या सुमारे ७७,००० डॉलरपुरती होती. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या कोपराचा स्नायुबंध फाटला. त्यातून बरा होऊन त्याने सॅन फ्रान्सिस्कोला फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलपर्यंत नेले, तेही ८,७०,००० डॉलर पगारावर. फेरवाटाघाट करायला नियमाने बंदी होती. २०२५ मध्ये त्याला २६ कोटी ५० लाखांचा करार मिळाला, हे खरे. पण कोपर बरे झाले नसते, तर त्याच्या हाती काय उरले असते?

मे २०२५ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सने जेडन हिगिन्स या ३४ व्या खेळाडूला पूर्ण हमी दिली. दुसऱ्या फेरीत असे कधी घडले नव्हते. लगेच क्लीव्हलंडने ३३ व्या क्रमांकाच्या कार्सन श्वेसिंगरला तशीच हमी दिली. त्यानंतर त्या फेरीतील उरलेले तीस जण जुलैच्या मध्यापर्यंत सही न करता थांबले. त्यांनी संप पुकारला नव्हता की मोर्चा काढला नव्हता. वरच्या क्रमांकाला मिळालेला शब्द आपल्यालाही मिळावा, एवढीच प्रत्येकाची वाट पाहणी. अखेर ४० व्या क्रमांकाच्या टायलर शकलाही न्यू ऑर्लिन्सने पूर्ण हमी दिली.

हमीचा पैसा श्रीमंत तरुणांचे लाड आहेत, असे दुरून वाटू शकते. या इतिहासात मात्र प्रश्न सातत्याने एकच राहिला आहे : मोडणाऱ्या शरीराची जोखीम कोणी घ्यायची? खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांहूनही कमी असल्याचे सांगत आली आहे. नवोदिताचा करार चार वर्षांचा असतो. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत हा पहिला करार हाच एकमेव करार ठरतो. तो लिहिताना ज्या सामूहिक कराराची चौकट पाळावी लागते, ती ठरली तेव्हा यातले अनेक जण शाळेत होते. सध्याचा सामूहिक करार २०२० मध्ये झाला आणि त्याची मुदत २०३० च्या मोसमापर्यंत आहे. त्या शेवटच्या मोसमात पहिली सही करणारा खेळाडू हा करार झाला तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेल.