कोणता मुलगा कोठे उभा करावा?

जून महिन्यात शाळा उघडते, आणि नव्या वर्गाकडे पाहत मास्तर उभा राहतो. कोणाला पुढे बसवावे, कोणाला मागे, कोणाला वर्गप्रमुख करावे आणि कोणाला खिडकीपासून दूर ठेवावे, हे त्याला पहिल्या आठवड्यात ठरवावे लागते. मुलांची ओळख तर पुरती झालेली नसते. मग उंची पाहायची, अंगलट पाहायची, गेल्या वर्षीचे गुण पाहायचे आणि अंदाज करायचा.

असाच एक अंदाज मी पूर्वी आमच्या शाळेच्या कबड्डी संघात केला होता. आडव्या अंगाचा, धष्टपुष्ट मुलगा होता. त्याचे शरीर पाहून मी त्याला बचावाच्या मध्यभागी उभा केला. चढाई करणारा समोरून चाल करून आला की त्याचा गोंधळ उडे. दोन सामने हरलो, बाकीची मुले त्याला हसू लागली, आणि एके दिवशी तो सरावाला आलाच नाही. त्यानंतर आमच्या शाळेचे शिपाईमामा मला म्हणाले, “गुरुजी, त्याला कोपऱ्यात टाकायचा होता. पोराचा हात बरोबर घोट्यावर जातो.” मामांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पण मुलगा गेला तो गेलाच.

ही जुनी सल पुन्हा वर आली ती माझ्या भाच्यामुळे. तो अमेरिकेत शिकायला गेला आणि तेथल्या कॉलेजांच्या फुटबॉलचे वेड घेऊन परत आला. गेल्या दिवाळीत चकल्या खाता खाता त्याने मला त्या खेळाचा इतिहास ऐकवला, आणि पुढे मी स्वतःही त्याविषयी मिळेल ते वाचीत गेलो. माझ्या लक्षात आले की ज्या प्रश्नात मी चुकलो, त्या प्रश्नावर तेथे मोठमोठ्या लोकांनी शंभर वर्षे डोके खाजविले आहे.

हा फुटबॉल आपला नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या फुटबॉलला ते लोक सॉकर म्हणतात. त्यांचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळतात. मैदान शंभर यार्ड लांब, आणि प्रत्येक बाजूला अकरा गडी. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. साधले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू दुसऱ्यांच्या हाती जातो. बचाव करणाऱ्या अकरा जणांचे साधारण तीन थर असतात. अगदी पुढे लाइनमन, म्हणजे प्रतिपक्षाच्या भिंतीला भिडणारे धिप्पाड गडी. त्यांच्या मागे लाइनबॅकर. चेंडू धावत येणार की फेकला जाणार हे ओळखून दोन्हीकडे धावणारे. सर्वांत मागे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. हे वाऱ्यासारखे पळणारे, मोकळ्या मैदानात शत्रूला अडविणारे शेवटचे पहारेकरी. किल्ल्याचा दरवाजा, तट आणि बालेकिल्ला ही उपमा दिली म्हणजे आपल्याला पटकन उमजेल.

आता, कॉलेजांचे शिक्षक सतरा-अठरा वर्षांची मुले हायस्कुलातूनच हेरतात आणि चांगल्या खेळाडूला शिष्यवृत्ती देऊन नेतात. गरीब घरातल्या मुलाला त्या एका खेळावर कॉलेजचे सारे शिक्षण मिळू शकते. म्हणून ‘हा मुलगा कोणत्या जागेचा?’ हा प्रश्न वरवर खेळातला दिसला, तरी त्यावर एखाद्या घराचे भवितव्य लटकलेले असते.

जुन्या काळी हा प्रश्न इतका अवघड नव्हता. जे अकरा गडी चढाईला तेच बचावाला. एकदा मैदानात उतरलेला गडी सहसा शेवटपर्यंत तेथेच राही, आणि चढाईत जी जागा असेल तिच्यावरून बचावातली जागा आपोआप ठरे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा चक बेडनारिक हा ह्या जातीचा शेवटच्या काळातला मोठा वीर. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानावर तोफची म्हणून तीस मोहिमा करून तो परत आला, कॉलेजात दाखल झाला, आणि चढाईत सेंटर व बचावात लाइनबॅकर असा दोन्हीकडे खेळला.

पण खेळ बदलत होता. १९०५ च्या हंगामात मैदानावर इतके मृत्यू झाले की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यात लक्ष घालावे लागले. १९०६ साली चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली, आणि बचावाला हळूहळू केवळ ताकद पुरेनाशी झाली. चपळाई हवी झाली. १९४१ साली गडी बदलण्याचे नियम सैल झाले. ऑक्टोबर १९४५ मध्ये मिशिगनचे शिक्षक फ्रिट्झ क्रिसलर ह्यांनी त्याचा फायदा घेतला. युद्धामुळे त्यांच्याकडे कोवळी पोरे, आणि समोर लष्करी विद्यालयाचा बलाढ्य संघ. त्यांनी चढाईची तुकडी वेगळी आणि बचावाची वेगळी अशी विभागणी केली. सामना त्यांनी २८-७ असा गमावला, पण कल्पना मात्र जिंकली. मध्यंतरी १९५३ साली जुने नियम परत आणले गेले. १९६५ पर्यंत ते बंधन पुन्हा सुटले. तेव्हापासून बचाव हे स्वतंत्र शास्त्र झाले आणि ‘कोणता मुलगा कोठे’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने जन्मास आला.

तो सोडविताना जाणते शिक्षक काय पाहतात? उंची, वजन आणि चाळीस यार्डांची धाव ही तर सर्वांनाच दिसते. जाणता माणूस पाहतो ती कंबर. मागे मागे पळणारा मुलगा एकाएकी वळून पुढे धावू लागला, तर त्याचे अंग एका झटक्यात फिरते की दोन पावले वाया जातात? झटक्यात फिरले तर तो मागच्या थरात टिकेल. मग हाडापेराकडे नजर जाते. मनगटे रुंद, पाय मोठे, खांदे भरायचे राहिलेले असतील, तर आजचा सेफ्टी दोन वर्षांनी लाइनबॅकर होईल आणि आजचा लाइनबॅकर पहिल्या फळीत जाईल. तो बास्केटबॉल खेळतो काय, कुस्ती करतो काय, हेही विचारतात, कारण एका खेळातले पदलालित्य दुसऱ्यात उतरते. आणि शेवटी डोळा. समोर धावपळ उडाली असता हा पोरगा चेंडू शोधतो, की जो अंगावर येईल त्याच्याशी झुंजत बसतो? ह्या परीक्षेला फूटपट्टी नाही.

ह्या विद्येचा उत्तम नमुना म्हणजे ब्रायन उर्लाकर. न्यू मेक्सिको राज्यातल्या लव्हिंग्टन ह्या लहानशा गावचा हा मुलगा. शाळेत तो चढाईतही खेळे आणि बचावातही. १९९५ साली त्याच्या शाळेने चौदाच्या चौदा सामने जिंकून राज्याचे अजिंक्यपद मिळविले. त्याचे मन होते टेक्सास टेककडे, पण तिकडून बोलावणे आले नाही. दोनच कॉलेजांनी शिष्यवृत्ती देऊ केली, दोन्ही त्याच्याच राज्यातली. न्यू मेक्सिको विद्यापीठात तो आरंभी राखीव लाइनबॅकर होता. सेफ्टीसाठी मोठा आणि लाइनबॅकर म्हणून अजून पुरता न उमगलेला. अशा मुलाला सहसा कोणी वाली नसतो.

१९९८ साली तेथे रॉकी लाँग हे नवे शिक्षक आले. त्यांनी ह्या मुलाला ठरीव साच्यात कोंबण्याऐवजी साचाच बदलला. सेफ्टी आणि लाइनबॅकर यांच्या मधली एक जागा करून त्यांनी त्याला तेथे मोकळा सोडला, आणि संघाच्या ‘लोबो’, म्हणजे लांडगा, ह्या नावावरून त्या जागेला ‘लोबो-बॅक’ असे नाव पडले. त्या हंगामात त्याच्या नावावर १७८ पकडी लागल्या. २००० साली शिकागोच्या व्यावसायिक संघाने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले. गंमत अशी की तेथेही त्याला आधी चुकीच्या जागी, म्हणजे बाजूचा लाइनबॅकर म्हणून, उभे केले आणि ती जागा त्याने गमावली. मधल्या जागेवरचा जुना गडी जखमी झाला म्हणून हा मध्ये गेला, आणि त्याच वर्षी बचावातला सर्वोत्तम नवोदित ठरला. २०१८ साली त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव दाखल झाले. लव्हिंग्टनचा मुलगा तोच होता. जागा तेवढी सापडायची राहिली होती.

जे रॉकी लाँग यांनी एका मुलासाठी केले, ते मायामीचे शिक्षक जिमी जॉन्सन यांनी त्याआधी साऱ्या संघासाठी केले होते. स्वतः एके काळी पहिल्या फळीत खेळलेला आणि मानसशास्त्र शिकलेला हा माणूस. १९८४ ते १९८८ ह्या काळात त्यांनी वजनापेक्षा वेग निवडला. सेफ्टीची मुले लाइनबॅकर केली, लाइनबॅकर पुढच्या फळीत नेले. ओक्लाहोमाचा संघ चेंडू घेऊन धावण्यात नामांकित. त्याला ह्या हलक्या पण चपळ मुलांनी तीन वर्षे लागोपाठ हरविले, आणि १९८७ च्या हंगामाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मायामीकडे आले.

येथवर कथा गोड आहे. परंतु ह्या निवडीची एक काळी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. पुष्कळ वर्षे मुलाची जागा ठरविताना कंबर किंवा डोळा न पाहता कातडीचा रंग पाहिला गेला. चढाईतला क्वार्टरबॅक आणि बचावातला मधला लाइनबॅकर ह्या ‘डोक्याच्या’ जागा. तेथून सहकाऱ्यांना हुकूम द्यायचे असतात. त्या गोऱ्या मुलांसाठी आणि कडेच्या, पळण्याच्या जागा कृष्णवर्णीयांसाठी, असा अलिखित दंडक होता. १९७० साली लॉय आणि मॅकएल्व्होग ह्या दोन संशोधकांनी व्यावसायिक संघांतील जागांची मोजदाद करून ही विभागणी आकड्यांनी दाखवून दिली.

तो दंडक मोडणाऱ्यांत विली लॅनियर अग्रभागी होता. बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट ह्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून तो १९६७ साली कॅन्सस सिटीच्या संघात आला. त्याच वेळी नोत्र दाम ह्या विख्यात विद्यापीठाचा जिम लिंच हा गोरा लाइनबॅकरही आला होता. मधली जागा एकच. ती लॅनियरने मिळविली, लिंच बाजूला गेला, आणि दोघे मिळून अनेक वर्षे उत्तम खेळले. जानेवारी १९७० मध्ये त्यांच्या संघाने सुपर बोल जिंकला.

टोनी डंजीची गोष्ट याहून बोलकी आहे. मिनेसोटा विद्यापीठात तो चार वर्षे क्वार्टरबॅक. १९७७ च्या निवडीत कोणत्याही व्यावसायिक संघाने त्याचे नाव घेतले नाही. अखेर पिट्सबर्गने त्याला घेतले आणि सेफ्टी केले. तेथेही त्याने १९७८ साली प्रतिपक्षाचे सहा चेंडू पकडले. पण क्वार्टरबॅकची जागा हातची गेली ती गेली. पुढे तो शिक्षक झाला. फेब्रुवारी २००७ मध्ये सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय मुख्य शिक्षक तोच. डोक्याच्या जागेसाठी ज्याला कोणी निवडले नव्हते, त्याने साऱ्या संघाचे डोके होऊन दाखविले.

आज रंगाचा तो अडसर पुष्कळ ढासळला आहे, पण दुसरी एक अडचण उभी राहिली आहे, ती घाईची. १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलाला मोठ्या संघातून खेळण्याची मनाईच होती; त्याला पारखायला एक वर्ष आपसूक मिळे. २०२१ पासून खेळाडूला कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मोकळीक मिळाली. मुलाला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले हे चांगलेच झाले. चुकीच्या जागी अडकलेल्याला आता सुटका आहे. पण त्यामुळे थांबण्याची सवय दोन्ही बाजूंना उरली नाही. उर्लाकरसारखा राखीव मुलगा आज दोन वर्षे वाट पाहत बसेल काय, आणि बसला तरी त्याला कोणी ठेवून घेईल काय, अशी शंका माझ्या मनात येते.

भाच्याला मी विचारले, “मग ह्या सगळ्याचा नियम काय?” तो हसून म्हणाला, “मामा, नियम असता तर इतक्या चुका झाल्या असत्या का?” खरे आहे. पण मला एवढे दिसते की ज्यांनी चांगली पारख केली, त्यांनी पहिला अंदाज पुसण्याची तयारी ठेवली होती. अंदाज माझाही चुकला, त्याचे मला एवढे वाईट वाटत नाही. वाईट ह्याचे वाटते की तो चुकला हे दोन सामने दिसत असूनही मी त्या मुलाला तेथेच उभा ठेवला.

यंदा जूनमध्ये नवा वर्ग आला तेव्हा मी जागा नेमून दिल्या आणि मुलांना सांगितले की ह्या जागा गणपतीपर्यंतच्या आहेत. त्यानंतर पुन्हा पाहू. कबड्डीचा संघ निवडायच्या दिवशी शिपाईमामांना मी आपल्या शेजारी खुर्ची दिली. ते संकोचाने खुर्चीच्या कडेवर बसले, बराच वेळ मुलांचे पाय पाहत राहिले, आणि मग एकेकाकडे बोट दाखवू लागले.