कोड मोफत, जबाबदारी विकत

पुण्यातल्या एका सहकारी बँकेचे सर्व्हर मी सांभाळतो. सगळे लिनक्सवर चालतात. जे फुकट मिळतं त्यासाठी दरवर्षी पैसे का भरायचे, असं अंदाजपत्रकाच्या बैठकीत कुणी ना कुणी विचारतंच. मोफत कोडवर चालणाऱ्या धंद्याचा इतिहास पाहिला की उत्तर सापडतं.

१९८५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर टेपवर भरून १५० डॉलरला पाठवत. कोड खुला होता, पैसे पडत ते टेपचे. १९८९ मध्ये मायकल टीमन, जॉन गिलमोर आणि डेव्हिड हेंकेल-वॉलेस यांनी सिग्नस ही कंपनी काढली. नव्या चिपसाठी जीसीसी कंपायलर तयार करायचा, तो सांभाळायचा आणि त्या कामाचे पैसे घ्यायचे, हा तिचा व्यवसाय. पुढे लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीने सिग्नस विकत घेतली. रेड हॅट स्वतः आधी खोक्यातून सीडी विकायची. नंतर तिने वार्षिक वर्गणीचा मार्ग धरला.

आम्ही भरतो ती वर्गणी कशाची, ते एप्रिल २०१४ मध्ये दिसलं. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या खुल्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती १.०.१जी आवृत्तीत दिली. आमच्याकडे होती १.०.१ई. रेड हॅटने तेवढीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवून दिली, त्यामुळे बँकेच्या बाकीच्या सॉफ्टवेअरला हात लावावा लागला नाही. आम्ही सेवा रीस्टार्ट केल्या, किल्ल्या आणि सर्टिफिकेटं बदलली. आवृत्तीचा आकडा मात्र तोच राहिला, म्हणून ऑडिटरला पॅकेजचा रिलीज क्रमांक दाखवून समजवावं लागलं.

त्याच वेळी हेही उघड झालं, की अर्ध्या इंटरनेटचा भार वाहणाऱ्या ओपनएसएसएलला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या जेमतेम दोन हजार डॉलर. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅटसाठी ३४ अब्ज डॉलर मोजले. एवढा पैसा या धंद्यात आहे, पण मूळ कोड सांभाळणाऱ्यांपर्यंत तो झिरपत नाही.

क्लाउड कंपन्या आपलाच कोड सेवा म्हणून विकतात, या रागातून डेटाबेस बनवणाऱ्या मोंगोडीबीने २०१८ मध्ये आणि सर्च इंजिन बनवणाऱ्या इलॅस्टिकने २०२१ मध्ये परवाने आवळले. इलॅस्टिकने २०२४ मध्ये खुला परवाना पुन्हा देऊ केला. राग रास्त होता, पण कुलूप हा त्यावरचा इलाज नव्हे. आजवर हा धंदा तगला तो कोडची जबाबदारी घेणाऱ्याला कुणीतरी मोल दिलं म्हणून. तेव्हा वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक बँकेने, कारखान्याने, सरकारी खात्याने आपण वापरतो त्या मूळ प्रकल्पांसाठीही अंदाजपत्रकात रक्कम धरावी. तो देखभालीचाच खर्च आहे, आणि तो त्याच शीर्षाखाली मांडला पाहिजे.